होमगार्डच्या यादीतलं सातवं नाव

६ जानेवारी १९६३
होमगार्डची भरती निघाली आहे; गणवेशात हाफपँट असते. न्याय-व्याकरण शिकलेल्या माणसाचे गुडघे चव्वेचाळिसाव्या वर्षी बालाघाटच्या भर बाजारातून मिरवण्याची सोय सरकारने केली आहे. चीनशी लढाई झाली हे कबूल – त्यात माझ्या गुडघ्यांचा काय अपराध? उमाने पत्नीधर्म पाळला; म्हणाली, "गुडघे कोण पाहतं? लोक पोट पाहतील."

७ जानेवारी
परवा होणाऱ्या भरतीची बातमी आजच लिहून पाठवली. नागपूरला टपाल छोट्या गाडीने, गोंदियावरून जातं. दोन दिवस खातं. म्हणून आम्ही इथले वार्ताहर सभा भरण्याआधीच ती 'उत्साहात' पार पाडतो. "एकतीस नागरिकांनी नावे नोंदविली," असं लिहिलं. नावं सहाच ठाऊक होती. यादी भारदस्त दिसावी म्हणून सातवं माझं घातलं.

१० जानेवारी
छापून आलं. भरतीला मी गेलोच नव्हतो – पडसं होतं. आणखी बावीस जणांनाही झालं असावं, कारण प्रत्यक्षात आठच नावं पडली.
बाजारात होमगार्डचे कारकून टिकाराम भेटले. "शास्त्रीजी, पेपर में तो आप भरती हो गये! आता हा फारम बी भरून टाका. वीस तारखेपर्यंत." आठवड्यातून दोन दिवस कवायत, बाकी आपली नोकरी. बोलावणं आलं की मात्र जायचं.

११ जानेवारी
तीन जणांनी अभिनंदन केलं. एकाने नमस्कार केला.

१३ जानेवारी
चैतराम आला, तिरोडीहून. खाणीत मुकादम आहे आता. दारातूनच –
"काहून बामना, शिपाई होऊन राह्यला म्हणते?"
"अर्धवेळ," मी म्हणालो.
"मंग बंदूक बी अर्धीच देतीन."
खूप वेळ बसला. लहानपणच्या, आमच्या खैरलांजी गावच्या गोष्टी निघाल्या. धानाच्या बांधीतलं, म्हणजे खाचरातलं, पाणी ओसरायला लागलं की तो हातांनी मासे धरायचा आणि मी टोपली धरायचो. मासा मी खात नसे. टोपली धरायला शास्त्राची हरकत दिसली नव्हती. चिखलाचा तो वास अजून नाकात आहे. बांधीत पाय रुतले की तो माझं मनगट धरून ओढायचा, आणि मग माझ्या आईने विचारू नये म्हणून दोघे नाल्यावर जाऊन हात घासायचो. त्याला सगळं आठवतं – माझ्या उजव्या पायाला जळू लागली होती, ते देखील. मी डावा म्हणत होतो.
उठताना म्हणाला, "होळीनंतर संप व्हते आमच्याकडं. पोलीस कमी पडले तं तुमालेच आणतीन. तुलेच पाठवलं तं?"
"ओळख दाखवणार नाही," मी म्हणालो.
दोघेही हसलो. तो माझ्या आधी थांबला.

१६ जानेवारी
उमा म्हणते, "भरा, नाहीतर 'भरला नाही' असंही छापा. रोज त्या कागदावर पेपरवेट काय ठेवता?"
फॉर्म भरला. उंची, छाती, शिक्षण. शिक्षणाच्या रकान्यात पदवी मावली नाही, म्हणून उगाच बरं वाटलं. सही राहिली.

१८ जानेवारी
टिकारामांचा निरोप. गणवेशाची मापं घ्यायला शिंपी परवा येतो आहे.

१९ जानेवारी
फॉर्मची शेवटची ओळ – वरिष्ठांचा हुकूम विनाविलंब पाळीन.
अकराव्या वर्षी मला नागपूरला पाठशाळेत घातलं. गुरुजींनी पहिल्याच महिन्यात सांगितलं, गावाकडच्या त्या महाराच्या पोराशी संबंध ठेवायचा नाही, बोलायचंही नाही. दिवाळीच्या सुट्टीत चैतराम रोज आमच्या कुंपणाबाहेरून हाक मारायचा. गुरुजी शंभर मैलांवर होते. मी आत शब्दांची रूपं पाठ करत बसलो. एकवीस दिवस. त्याने ते कधी काढलं नाही, इथे आला तेव्हाही नाही.
उमाला वाटतं, मी बंदुकीला भितो. मला भीती एवढीच आहे की खाणीच्या फाटकावर हुकूम झाला, तर मी काठी उचलीन.