रिव्होल्टिंग

३ ऑक्टोबर
सकाळी सौ.ची पाठ धुतली. लकवा मारून वर्ष होत आलं, पडून पडून झालेली जखम अजून ओलीच. मयुरी दसऱ्याला नागपूरहून आलेली. नाकाला ओढणी लावून दारातून बघत होती. मग अंगणात जाऊन मैत्रिणीशी फोनवर इंग्रजीत बोलली. 'माय फादर' आणि 'रिव्होल्टिंग', एवढंच कळलं. अभ्यास आहे म्हणून दुपारच्याच बसने परत.

४ ऑक्टो.
रिव्होल्ट म्हणजे बंड. शाळेत इतिहासात होतं. म्हणजे पोरगी बापाला बंडखोर म्हणाली! खरंच आहे. बायकोचं हगणं-मुतणं काढणारा पुरुष गावात दुसरा कोण? शेजारचा वामन तोंडावर म्हणालाच होता, "काहून बे, तूच बायको झाला का तिची?"
सौ.ला सांगितलं. अर्ध्या तोंडाने हसली. "तुमी अन् बंड? पालीले भेता तुमी!"

९ ऑक्टो.
येईल त्या बाईला सौ. सांगते, "आमचे हे रिवोल्टिंग हायेत. पोरीनं म्हटलं."
कित्येक महिन्यांनी अशी बोलते आहे.

१२ ऑक्टो.
सानगडीच्या बाजारात जुने इंग्रजीचे मास्तर भेटले. अर्थ पक्का करावा म्हणून विचारलं. मास्तर चष्मा पुसत राहिले.
"बंडाचाबी अर्थ हाये. पण कोन्या मानसाले म्हटलं तर... किळसवाना. पाहून ओकारी यावी असा. तुले कोन म्हटलं?"
"पेपरात वाचलं."
भाजी न घेताच घरी आलो.

१३ ऑक्टो.
देवापुढे दिवा लावला. हात जोडले तर हातांना फिनेलचा वास. पोरीचा राग येत नाही. पहिल्या दिवशी मीही परसात जाऊन ओकलो होतो. माझ्याजवळ शब्द नव्हता, एवढंच.
सौ.ला सांगितलं नाही. कसं सांगू

१७ ऑक्टो.
मयुरीचा फोन. "बाबा, दिवाळीले येऊन राहिली मी."
पलंगावरून सौ., "येऊ दे. तो शब्द तिच्याकडूनच आयकतो. मले नीट बोलता येत नाही."

नरकचतुर्दशी
मयुरी आली. पिशवी ठेवते न ठेवते तोच सौ.नं विचारलं, "तो शब्द सांग वं. बंडखोर बाप म्हटलं होतं ना बाबाले?"
मयुरीनं माझ्याकडे पाहिलं. मी पाणी गरम करायला उठलो. चुलीपर्यंत ऐकू आलं, फार हळू, "हो आई. बंडखोर."
पाणी घेऊन गेलो. ती दारातच उभी. ओढणी नाकाला नव्हती, मुठीत आवळून धरलेली.
सौ.ला कुशीवर वळवलं, पाठ उघडी केली. मागे वळून पाहिलं नाही.