चावरी गिटार

कान्हे, ता. मावळ
८ मार्च २०२५

प्रिय अमृताताई,
सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे ठीक. मनमाडला तुम्हीही ठीक असाल असं धरून चालतो, कारण नसता तर तू एव्हाना आमची झोप उडवली असतीस. पत्र पाहून दचकू नकोस. फोन असताना भाऊ तिकिटं चिकटवत बसतो म्हणजे याचं काहीतरी बिनसलंय, असं तुझ्या मनात येणारच. तसं काही नाही. फोनवर तू बोलतेस आणि मी ‘हं’ म्हणतो. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही. एवढंच कारण.

आईचे गुडघे जसेच्या तसे, तोंडही. अनिता सध्या स्वयंपाकघरात रबरी चपला घालून वावरते. आपल्या घरात! मी म्हटलं, “लोणावळ्याच्या बंगलेवाल्या बायकांचं बघून आलीस का?” तर म्हणाली, “फरशी गार लागते.” मार्च महिन्यात. मी पुढे काही विचारलं नाही. संसार असाच टिकतो.

मागच्या अंगणात मात्र मी डिसेंबरातच झकास काम करून घेतलं. मोरीच्या भिंतीपासून कुंपणापर्यंत शहाबादी फरशी, वर पत्र्याचं शेड. माझ्या जुन्या गिटारींना हक्काचं घर झालं. फरशी घालताना आई मध्येच येऊन उभी राहिली. “आबांचं पानी कुटं घालायचं आता?” मोरीमागचा तो सिमेंटच्या झाकणाचा खड्डा तुला आठवत असेल. पावसाळा सरला की आबा दर रविवारी त्यात बादलीभर पाणी आणि मूठभर जाडं मीठ ओतायचे. लोक कुत्रं पाळतात, आबांनी खड्डा पाळलाय, असं आपण म्हणायचो. आबांच्या आजारपणात ती बादली आईने उचलली आणि जलदान विधीनंतरही सोडली नव्हती. मी तिला जवळ बसवलं आणि गेलेल्या माणसाच्या सवयींना कवटाळणं म्हणजे कर्मकांडाची सुरुवात कशी असते, यावर चांगलं लांबलचक बोललो. बावीस प्रतिज्ञांतल्या दोन-तीन कामाला लावल्या. “तू शिकल्याला हाईस बाबा,” म्हणाली आणि बादली उपडी घालून आत गेली. माणसाला पटवून देण्याची कला माझ्यात आहे, हे मान्य कर.

आता खरी बातमी. तुंगार्लीच्या एका बंगल्याचा रखवालदार गोरख माझ्यासाठी डोळे उघडे ठेवून असतो. मालक मुंबईचे. बंगला वर्षभर बंद, पावसाळ्यात भिंतीवर चढलेली बुरशी होळीला उतरते. त्यांनी माळा रिकामा करायला काढला. मालकीणबाई स्वतः गिटार घेऊन बाहेर आल्या आणि ओशाळून म्हणाल्या, “सहातल्या दोन तारा हरवल्यात हो. चारच उरल्यात. तुम्ही भंगाराच्या भावात न्या.” ताई, बेस गिटारला चारच तारा असतात! मी चेहरा पाडून म्हटलं, “बघतो, काही होतंय का.” गोरख पाठ फिरवून खोकत होता.

जपानी आहे, सत्तरच्या दशकातली असावी. नावाची पट्टी कधीच गळून गेलेली. लोणावळ्याच्या दमट हवेने मान धनुष्यासारखी वाकली होती. मानेच्या पोटात एक लोखंडी गज असतो. तो किल्लीने किंचित वळवायचा, तारा ताणायच्या आणि मग काही दिवस तिच्याकडे ढुंकून बघायचं नाही. नंतर पुन्हा किंचित. घाई केली की लाकूड तडकतं. रुसलेल्या नातेवाइकांना मी असंच हाताळलं असतं तर आज चार लग्नांची आमंत्रणं जास्त आली असती. आतल्या वायरींच्या जोडांचे जुने कथलाचे डाग काढून नवे दिले, गंज घासला आणि कुणा महाभागाने वरून मारलेला चॉकलेटी रंग पॉलिश पेपरने उतरवला. खालून निघाली पिकलेल्या टोमॅटोसारखी तांबडी. अँपला जोडून जाड तारेला बोट लावलं की मांडणीवरचे डबे कुरकुरतात. आई शेजारी येऊन बसली, तारेला हात लावला आणि झटकन मागे घेतला. “चावतंय रं तुजं लाकूड!” या वयात आईला विनोद जमू लागलेत.

ही तांबडी मी पायलला पाठवायची म्हणतोय. तुझी लेक कॉलेजच्या बँडमध्ये उसन्या बेसवर किती दिवस काढणार? बाकीच्याही पुढेमागे तिच्याच. माझं काय, हौस पुष्कळ झाली.

तुझा,
प्रज्ञेश

ता. क. माझं अक्षर पहिल्यासारखंच आहे ना? सहज विचारतो. नीट बघून सांग.


कान्हे
२ एप्रिल

प्रिय ताई,
जय भीम.

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, उलटतपासणी. ‘गिटारी का वाटतोयस? अक्षराचं काय मध्येच? अनिताला विचारू का?’ अनिताला विचारू नकोस.

जयंतीच्या गायन पार्टीत यंदा मी बेस वाजवणार नाही. सत्यमला सांगितलं, कीबोर्डवरच बेस काढ. तो गातो चांगला, पण बोलतो त्याहून चांगला. म्हणाला, “भाऊ, कीबोर्डाचा बेस म्हंजे पावडरचं दूध. रंग येतो, साय येत न्हाई.” मी म्हटलं, बोट कापलंय. त्याने बोटाकडे बघितलं. बोट धडधाकट होतं.

बोटांना मुंग्या येतात, ताई. झालं, लिहिलं. फेब्रुवारीपासून. सुरुवातीला फक्त वाजवताना यायच्या. हल्ली जेवताना, गाडी चालवताना, तुझं पत्र फोडतानाही येतात असं वाटतं. येतात दोन्ही हातांना, पण माझा जीव अडकलाय उजव्यात. आबांचंही उजव्या बोटांपासूनच सुरू झालं होतं ना? मग सही बिघडली. बँकेने पेन्शनच्या कागदावरची सही नाकारली आणि आपण बँकेवरच ओरडलो. त्यानंतर उजवी बाजू गेली आणि बोलणंही. आपल्या दोघांना गप्प करणारा तो माणूस वर्षभर नुसता बघत राहिला.

म्हणून पत्र लिहिलं. तुझ्याकडे माझी हॉस्टेलवरची जुनी पत्रं आहेत. ताडून बघ, अक्षर घसरलंय का. मला माझं कळत नाही.

तळेगावच्या डॉक्टरांनी हातांच्या नसांची तपासणी सांगितली आहे. ९ तारखेला जातोय. घरात सांगितलंय, कामावर ऑडिट आहे. आईने एक माणूस असा जाताना पाहिला आहे. दुसरा तिला इतक्यात दाखवायचा नाही. तूही धावत येऊ नकोस. तू आलीस की आईला कळेल.

प्रज्ञेश


कान्हे
१७ एप्रिल

प्रिय अमृताताई,
सप्रेम जय भीम, आणि या वेळी खरोखरच सगळं ठीक.

फोनवर मी एवढंच म्हणालो, “काही नाही निघालं,” आणि तू पाच मिनिटं नुसतं नाक ओढत होतीस. म्हणून आता सविस्तर लिहितो. स्टुलावर बस आणि वाच.

तपासणीच्या खोलीत एक मुलगी होती, प्रेरणा नावाची. हाताला वायरी चिकटवल्या आणि म्हणाली, “थोडा करंट बसेल काका, घाबरू नका.” मी मनात आबांना आठवून डोळे मिटले. तिने बटण दाबलं. अगदी बारीक चटका, बोटांतून मनगटापर्यंत मुंग्या.

मी डोळे उघडले. म्हटलं, “पुन्हा द्या बरं.”

“काका, लोक पुरे म्हणतात.”

“नाही, पुन्हा द्या. ओळख पटतेय.”

तिने दिला. ताई, तोच! माझा आजार! तीच चव, तोच चावा. मी म्हटलं, “अहो, हे आमच्याकडे घरी फुकट मिळतं.” तिने डॉक्टरांना बोलावलं. तिला वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय. डॉक्टरांनी सगळे आलेख पाहून सांगितलं, नसा उत्तम आहेत. वर विचारलं, “घरी करंट कुठून घेता?” मी म्हटलं, “बेस गिटारमधून.” त्यांनी फाईल बंद केली.

घरी आलो तो थेट शेडमध्ये. गिटारचा आवाज वाढवणारा तो अँप चालू केला, त्याला जोडलेल्या तांबडीच्या तारेला टेस्टर लावला. आतला दिवा पेटला. बाकीच्या गिटारींवरही पेटला. वस्तीतल्या प्रितम वायरमनला बोलावलं. तो घरभर टेस्टर लावत फिरला. फ्रिजवर पेटला, वॉशिंग मशीनवर पेटला.

“काका, ह्या घराला अर्थिंगच न्हाई.”

“आहे. आबांनी स्वतः केलंय.”

“मंग कुटंय?”

मी खाली पाहिलं. आम्ही दोघं त्याच्यावरच उभे होतो.

ताई, रेल्वेच्या इलेक्ट्रिक खात्यात जन्म काढलेला माणूस दर रविवारी खड्ड्यात मीठपाणी ओततो आणि त्याची दोन शिकलेली मुलं खिडकीत उभी राहून हसतात! घरातला चुकार करंट जमिनीत उतरायला ती जमीन ओली लागते. पावसाची ओल आहे तोवर काही कळलं नाही. फेब्रुवारीत माती सुकली आणि मी अनवाणी बसून तारा छेडत होतो. आई मात्र पहिल्या दिवसापासून सांगत होती की लाकूड चावतंय. मी तिच्या विनोदबुद्धीचं कौतुक करत होतो.

पहार मीच मारली. फरशी निघाली, झाकण निघालं, आतली माती भाजलेल्या विटेसारखी कोरडी. आई बादली घेऊन तयार. मी म्हटलं, “आई, हे पाणी का घालायचं, ठाऊक होतं तुला?”

“मला काय ठावं? आबा घालायचे म्हनून मी घालायची.”

“मग मी बंद करायला लावलं तेव्हा भांडली का नाहीस?”

“तू लय बोलत व्हतास. मला सैपाक व्हता.”

ओतली तिने बादली. पाणी पडताच माती चर्रकन बोलली. प्रितमने पुन्हा फ्रिजला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. एवढी साधी गोष्ट, ताई, आणि मी फ्रिजला टेकून खाली बसलो. अनिता धावत आली. मग मुंग्या, आबा, तळेगावचं ‘ऑडिट’, सगळं तिथंच सांगून टाकलं. ती चिडेल असं वाटलं होतं. तिने पायातल्या चपला काढल्या, अनवाणी पायाने फ्रिजला हात लावला आणि हसायलाच लागली. तिलाही जानेवारीच्या शेवटापासून झटके बसत होते! तिला वाटलं, पाळी जायचं वय, त्याचंच काहीतरी असेल. चपला घातल्या की बरं वाटायचं, म्हणून घालत होती. “तुम्ही आधीच आबांच्या दुःखात. त्यात माझं कुठं सांगू?” आणि आई फ्रिज पदराने धरून उघडायची. विचारलं तर म्हणाली, “आमी म्हातारी मानसं. आमाला सगळंच चावतंय.”

म्हणजे एका घरात तीन माणसं, तिघांना एकच झटका, आणि प्रत्येकाने आपापला आजार लपवून दुसऱ्यांना सुखात ठेवलेलं. वरून माझं प्रवचन.

जयंतीला वाजवलं. तांबडीच घेतली. पहिल्याच गाण्याला जाड तार छेडली तशी पुढे बसलेल्या बायांच्या हातातल्या मेणबत्त्या थरथरल्या, असं सत्यम सांगतो. तो कवी आहे, निम्मं सोडून दे. मी मात्र हाताकडे बघतच नव्हतो. फेब्रुवारीपासून पहिल्यांदाच. बोटं आपापली चालत होती आणि मला बाकीच्यांचं गाणं ऐकू येत होतं. समोर आई मांडी घालून बसली होती. गाणं संपल्यावर तिने दुरूनच खुणेने विचारलं, चावली का? मी मान हलवली, नाही.

तेव्हा तांबडी आता पाठवत नाही. ते पहिलं पत्र लिहिणारा माणूस घाबरलेला होता, त्याचा शब्द धरू नकोस. पायलला सुट्टीत घेऊन ये. ती हवी ती निवडू दे, पण मान कशी सरळ करतात ते आधी शिकवीन, मगच देईन. मला घाई नाही. आल्याबरोबर आधी खड्ड्यात बादली, मग गिटारीला हात. मीठ आईकडून मागून घ्यायचं. शेडमधली तेवढी एक फरशी मी पुन्हा बसवलेली नाही. ये-जा करताना ठेच लागते. लागू दे.

अक्षर कसं वाटलं, ते तू शेवटपर्यंत लिहिलं नाहीस. तुलाही वेगळं दिसलं असणार, भीतीपोटी. आता सांगायची गरज नाही. खाली पूर्ण सही करतो, आबा करायचे तशी, खाली रेघ ओढून. बँकेत दाखव हवं तर.

तुझा भाऊ,
प्रज्ञेश धोंडिबा ओव्हाळ