प्रथम क्रमांक, पार्सिपनी केंद्र

१२ सप्टेंबर १९८७
मी, त्र्यंबक रामचंद्र निरगुडकर, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी (वर्गात पहिला), निवृत्त जकात नाकेदार, हल्ली मुक्काम चिरंजीव नरेंद्र यांचे घर, पार्सिपनी (अमेरिका), लिहून ठेवतो की माझी प्रकृती उत्तम आहे. नरेंद्र म्हणतो, बाबा, इथे हॉस्पिटलात एक रात्र काढलीत तर मला घर विकावे लागेल. आजारपणाचा विमा मिळाल्यास डिसेंबरात नातवाच्या मुंजीपर्यंत मुक्काम. न मिळाल्यास परतीचे विमान. सूनबाई सुमेधाचे वडील जगन्नाथराव, एम.ए., निवृत्त हेडमास्तर, हेही येथेच आहेत. त्यांनाही तीच अट.

१३ सप्टेंबर
मॉलमध्ये फुकट रक्ततपासणी. विषय : कोलेस्टेरॉल. सूनबाई खरेदीत. बोटाला सुई टोचून निकाल जागेवरच. जगन्नाथराव १७०. मी २९८! नर्सने दुसऱ्या नर्सला बोलावून मला दाखविले.
एम.ए. आपली चिठ्ठी घडी करून खिशात घालते झाले.

१४ सप्टेंबर
व्याह्यांना झोप नाही. म्हणाले, तपासणारी नवशिकी होती, फेरतपासणी झाली पाहिजे. घरात तूर्त कोणास सांगू नये, असेही ठरले.

१५ सप्टेंबर
संकल्प : तीनशेच्या पुढे जाणे. वरणभातावर तूप तीन चमचे. सूनबाई म्हणाली, बाबा, जरा बेताने. अभ्यासाच्या दिवसांत घरच्यांनी असे बोलू नये.

२० सप्टेंबर
फेरतपासणी. व्याही १६८. मी ३२६. परत येताना त्यांनी पडेल आवाजात विचारले, आपण तयारी कशी करता? मी मोठ्या मनाने लोण्याचे नाव सांगितले. आपल्याला पचत नाही म्हणाले. मेहनतीची सवय नाही.
जिना चढताना धाप लागली. हवेतील फरक.

२७ सप्टेंबर
विमा एजंट आला. नरेंद्रने बजावले होते, मी बोलेन, तुम्ही गप्प बसा. परंतु योग्य वेळी उठून मी स्वतःच सांगितले : कोलेस्टेरॉल, थ्री ट्वेंटी सिक्स, फर्स्ट रँक. एजंटाने पेनाला टोपण लावले. नरेंद्रने कपाळाला हात लावला. जगन्नाथरावांनी मान खाली घालून आपले १६८ सांगितले. एजंटाने उठून त्यांच्याशी हस्तांदोलन केले!
मग सूनबाईने समजाविले की या विषयात कमी गुणांचा पास होतो. हे परीक्षेपूर्वी जाहीर व्हावयास हवे होते.
मला विमा नाही. गुरुवारचे विमान. मुंजीत आजोबांच्या पाटावर व्याही बसतील. रात्री उकडलेली फरसबी, अळणी.

समक्ष हजर : चि. नरेंद्र, सौ. सुमेधा, रडत; श्री. जगन्नाथराव, एम.ए., माझ्या वाटणीच्या तुपासह.