ऐंशीच्या वरची माणसं

सर, माझी मुलगी गेले काही आठवडे धड जेवत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. पोरगी जेवत नाही तर डॉक्टरला दाखव की, मेलेल्या पी.टी.च्या मास्तराला काय लिहितीस, असंच तुम्ही म्हणाल. डॉक्टरांना दाखवलं, सर. आजार काही नाही. ती नववीत आहे, माझ्यासारखीच अंगानं दांडगी, आणि पुढच्या आठवड्यात शाळेत आरोग्य तपासणी आहे, म्हणजे सगळ्या वर्गासमोर वजन. तेवढ्यासाठी ती डबा मैत्रिणींना वाटून टाकते, रात्री पोट भरलंय म्हणते, आणि मी काही बोलायला गेले की दार लावून घेते. तुम्ही असतात तर सरळ तुमच्याकडे पाठवली असती. तुम्ही नाही, आणि या बाबतीत माझ्याजवळ सांगण्यासारखं तुमच्याखेरीज दुसरं काही नाही.

आमच्या नववीतला तो दिवस आठवला की मला अजून घाम फुटतो. शाळेच्या व्हरांड्यात काटा मांडलाय, मुली रांगेत उभ्या आहेत, तुम्ही वाकून आकडा मोठ्यानं सांगताय आणि मॉनिटर लिहून घेतेय. माग चालवणाऱ्यांची मुलं आम्ही, सगळी काटक्यांसारखी. त्यात मी एकटीच कुठून अशी निपजले होते देव जाणे. घरी आई तेलुगूत देवाला विचारायची, हिला करून घेणार कोण. माझ्या मागच्या मुली माझा आकडा ऐकायला टपून बसल्या होत्या. मी काट्यावर चढते, काटा सरकत सरकत ऐंशीला थांबतो, आणि तुम्ही मान वर करता. तुमच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती, तरी बघितलं, तर तुम्ही चक्क खूश झाला होतात. आकडा तुम्ही सांगितलाच नाही. "हेवीवेट," एवढंच म्हणालात, आणि मॉनिटरला पुढचं नाव घ्यायला लावलंत. मग मी उतरताना हळूच म्हणालात, "खालच्या सगळ्यांना मर्यादा असती बघ. हेवीवेटला वर मर्यादाच न्हाय." हेवीवेट म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. काट्यावर उभी असताना माझ्यावर कुणीतरी खूश झालं, एवढंच कळलं, आणि तेवढ्यावर मी कितीतरी दिवस काढले.

तुमचं दुःख मला पुढं समजलं. मोहोळहून नोकरीला आलेला माणूस, संध्याकाळी मैदानावर पोरांना बॉक्सिंग शिकवायचा, ग्लोव्हजमधला कापूस बाहेर आलेला, आणि जीव सगळा हेवीवेटमध्ये अडकलेला. हाताखाली मात्र सगळे चिमणे, पन्नास किलोला जाईल तर शपथ. त्यामुळे मी सापडल्यावर तुम्हाला बोलायला माणूस मिळालं. अख्खी लढत तुम्ही आयुष्यात एकदाच पाहिली होती, कुणाच्या तरी घरी व्हिडिओवर. बाकी सगळं जुन्या मासिकांतल्या फोटोंवरून आणि रेडिओच्या बातम्यांवरून. पण बोलायचात असं, की जणू कोपऱ्यात पाण्याची बादली धरून तुम्हीच उभे होतात. खरी नावं तुमच्या जिभेवर बसत नसत, म्हणून तुम्ही त्यांचं बारसं केलं होतं. सगळ्यात जुना तो बुटका, वाकून ठोशांच्या खालून आत घुसणारा. तुमच्या तरुणपणीचा तो नाचरा, हात कमरेशी सोडलेले, पाय ठरत नाहीत. आणि माझ्या शाळेच्या दिवसांतला तो डोंगर, शंभरच्या कितीतरी वरचा. हे तिघं एका काळात जन्मले असते तर कोण कुणाला पाडेल, यावर आपण दोघांनी शाळा सुटल्यानंतरच्या किती संध्याकाळी घालवल्या, सर.

बुटक्याचा निकाल लवकर लागायचा. भांडण असायचं ते नाचऱ्याचं आणि डोंगराचं. तुम्ही मैदानावर पांढऱ्या फक्कीनं रिंगण आखायचात, मला मधोमध उभं करायचात आणि स्वतः नाचरा होऊन भोवती फिरायला लागायचात, गळ्यातली शिट्टी उडतेय, पन्नाशी उलटलेली, चवड्यांवर टुणटुण. हात लावायचा नाही, नुसतं दाखवायचं, असा नियम. मी आपली जागच्या जागी वळत राहायची. मोठ्या अंगाला आधी वळावं लागतं आणि मग मारावं लागतं, तेवढ्यात नाचरा दुसरीकडं गेलेला असतो, हे तुमचं म्हणणं. त्यातून जुन्या काळी पंधरा राउंड असायचे, आता बारा. तेराव्यात डोंगराचे पाय संपणार. माझं म्हणणं एकच, त्याचा ठोसा एकदाच लागायला पाहिजे. "तो लागला तर की," तुम्ही म्हणायचात, आणि धाप लागून पायरीवर बसायचात. दमायचात तुम्ही, तरी जिंकायचात तुम्हीच.

मावशीच्या लग्नाआधी मी जेवण बंद केलं होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. प्रार्थनेला चक्कर येऊन पडले तेव्हा तुम्हाला आपोआप कळलं. मला पायरीवर बसवलंत, समोरच्या हॉटेलातून भजी मागवलीत आणि पहिल्यांदा माझ्यावर चिडलात. "उपाशी हेवीवेट बगितलास का कुटं? आदी खा. मग रड पायजे तेवढं." मी दोन्ही एकदमच केलं. माझं लग्न ठरलं त्याच वर्षी तुम्ही गेलात, आणि मला ते महिन्याभरानं कळलं.

हे सगळं मी काल लेकीला सांगितलं. डाळीला फोडणी देत होते, तिच्याकडे न बघता सांगत गेले, म्हणून ती दारात उभी राहून ऐकत गेली. तिनं लगेच फोनवर शोधलं. आजकाल कुणाचं काही नुसतं ऐकून घ्यायची पद्धत नाही. म्हणाली, आई, तू हेवीवेट नव्हतीसच. जुन्या काळी होतं तसं, ऐंशीला हेवीवेट म्हणायचे. पण तू नववीत जायच्या कितीतरी आधी बॉक्सिंगवाल्यांनी हेवीवेटच्या खाली एक वेगळा वजनगट काढला, तू त्यात बसतेस. सर, कुठल्या साली ग्लोव्हज किती जाड होते हेसुद्धा तुम्हाला पाठ होतं. हा नियम तुम्हाला माहीत नसणं शक्यच नाही. "म्हणजे तुझे सर खोटं बोलले," ती म्हणाली आणि हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग का बोलले असतील, म्हणून विचारलं. मी म्हटलं, तूच विचार कर. ती आत येऊन खाली बसली.

मग आम्ही फोनवर तुमचा नाचरा पाहिला, आणि सध्याचा एक डोंगर पाहिला. माझ्या वेळचा याच्यापुढं टेकडी म्हणावा लागेल. भांडण तिनंच काढलं. तिनं अर्थात डोंगर घेतला, आणि मी बघते तर काय, माझ्या तोंडून तुम्हीच बोलताय: पाय बघ, वळायला वेळ लागतो, पंधरा राउंड. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तो मोठा आहे म्हणून हरलाच पाहिजे, असं का वाटतं तुम्हा लोकांना?"

हेच तर मला त्या रिंगणात उभं राहून तुम्हाला विचारायचं होतं, पण तेव्हा ते असं सापडलं नाही. तुम्ही मला हेवीवेटमध्ये घेतलंत, जीव मात्र त्याच्यावर टाकलात ज्याला वजन असल्यासारखं वाटतच नव्हतं. राग नाही, सर. तुमच्याइतकं मला त्या वयात कुणी जपलं नाही. पण एकदा, एकाच संध्याकाळी, तुम्ही त्या फक्कीत हरून खाली बसायला हवं होतं.

मी तिला म्हटलं, नाही, हरायला नको. तुझाच जिंकेल, सातव्या राउंडला. कसा, म्हणाली. मग मी उठले, गॅस बारीक केला, हात कमरेशी सोडले आणि या गुडघ्यांनिशी स्वयंपाकघरात चवड्यांवर फिरायला लागले. ती मधोमध उभी राहिली. वळली, परत वळली, आणि माझ्या खांद्याला नुसतं बोट लावलं. मी फरशीवर बसले. तिनं आजीच्या तेलुगूत मोजलं, ओकटी, रेंडू, मूडू, पार दहापर्यंत. मी उठले नाही. मग ती माझ्याशेजारी बसली, आणि कोण कसं पडलं हे मलाच समजावून सांगता सांगता पातेल्यातला भात हातानं खात राहिली. तपासणीला जाणार का, हे मी विचारलं नाही.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून एक गोष्ट धीटपणे लिहून टाकते. त्या एका बोटानं पडण्यासारखं काही नव्हतं. नाचराच जिंकतो, सर. मला तेव्हाही माहीत होतं.