गाडीला उशीर का व्हायचा

आण्णा,

परवा गावी गेले होते. आपल्या थांब्याच्या जागी आता ऊस उभा आहे. रूळ उचलून नेले त्याला इतकी वर्षं झाली, की त्या रानाच्या मालकाच्या मुलाला इथून आगगाडी जायची हे सांगूनही पटेना. "हितनं? रेल्वे?" म्हणाला आणि हसायला लागला. मी बांधावर मटकन बसले. तुम्ही गेलात तेव्हाही इतकी हादरले नव्हते. लिहिताना लाज वाटते, पण आहे ते असं आहे.

तुमच्या वडिलांनी त्या अरुंद रुळांच्या छोट्या लाइनीच्या भरावावर पाट्यांनी माती वाहिली. पहिलं इंजीन आलं तेव्हा गावातल्या बायका त्याला हळदकुंकू लावायला गेल्या आणि एकीचं बोट पोळलं, ही गोष्ट तुम्ही शंभरदा तरी सांगितली असेल. त्याच लाइनीवर तुम्ही आधी कोळसा मारायला लागलात आणि मग ड्रायव्हर झालात. माझ्या लहानपणी सांगलीच्या बाजाराला जाताना डब्यात पाय ठेवायला जागा नसायची. हळदीची पोती, गुळाच्या ढेपा, बायकांच्या मांडीवर कोंबड्या. आणि तुमची ती पद्धत. पायवाटेवर माणूस येताना दिसतोय तोवर गाडी हलवायची नाही. मागून गार्ड हिरवा बावटा हलवून हलवून कंटाळायचा. सुट्टी संपलेल्या एखाद्या फौजीला त्याची आई सोडत नसली, तर तुम्ही खाली उतरून चाकाला उगाच तेल घालत बसायचा. यात तुम्हाला मेहेरबानी वाटत नव्हती. माणूस दिसत असताना गाडी काढणं तुम्हाला जमायचंच नाही.

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. त्याच गाडीनं मी सांगलीच्या शाळेत जायचे, गावातली एकटीच मुलगी. त्या सुमारास गावाला एसटी हवीशी झाली. गाडी बंद व्हावी असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. गाडी तर आपलीच आहे, शिवाय एसटी आली तर सोय होईल, एवढंच. सरपंचांनी मला चावडीत बोलावलं, कारण माझ्याइतकं वळणदार अक्षर गावात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. ते तुम्हीच माझ्याकडून पाटीवर घोटून घेतलेलं, कोळशानं काळ्या झालेल्या बोटांत माझी बोटं धरून. मी अर्ज लिहिला, लोकांनी अंगठे उठवले. त्यात एक वाक्य होतं: 'येथील रेल्वेगाडी कधीही वेळेवर सुटत नसल्याने तिच्यावर विसंबून राहता येत नाही.'

एसटी आली. ती निम्म्या वेळात सांगलीला पोचायची, मग लोक तिकडं वळले. बघता बघता डबे रिकामे झाले. उरलो तुम्ही, गार्ड, मी आणि पाट्या घेतलेल्या दोनचार म्हाताऱ्या. मग एक दिवस रेल्वेचे साहेब जीपमधून आले. त्यांनी गाव थांब्यावर जमवलं, ही लाइन कशासाठी चालवायची असं विचारलं आणि त्या अर्जाच्या नकलेतलं नेमकं ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. ती नक्कलही माझ्याच हातची. तुम्ही इंजिनाला टेकून उभे होता. साहेबांनी कागद तुमच्या हातात दिला. एक ओळ वाचायला लागतो त्यापेक्षा फार जास्त वेळ तुम्ही त्याच्याकडे बघत होता. मी लोकांच्या मागे उभी होते.

संध्याकाळी आई भाकरी वाढत होती. तुम्ही नेहमीसारखे जेवलात, ताटात हात धुतला आणि म्हणालात, "अर्ज कुणी लिवला कुणास ठावं. अक्षर लय चांगलं हाय. पर गाडीला उशीर का हुतो, त्ये बी लिवाय पायजे हुतं."

"का हुतो?" आईनं विचारलं.

"आपली पोरगी एका शिट्टीत कवा घरातनं निघालीया?"

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. रोज सकाळी पहिल्या शिट्टीला माझी वेणी अर्धी असायची, दुसरीला चप्पल सापडायची नाही, तिसरीला मी परड्यातून पळत सुटायचे. गाडी आहे म्हणजे ती मिळणारच, असं धरूनच चालले होते. ती माझ्यासाठी थांबलेली असते, हे त्या ताटावर बसेपर्यंत माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

पुढच्याच उन्हाळ्यात गाडी बंद झाली. पहिल्या दिवशी म्हाताऱ्या पाट्या घेऊन थांब्यावर येऊन बसल्या. येईल म्हणाल्या, उशीर तर रोजच हुतो. तुमची दूरच्या यार्डात बदली झाली. मी एसटीनं जायला लागले. पहिल्याच सकाळी हात वर करून पळत होते, कंडक्टरनं मला बघितलं आणि घंटी मारली. धूळ खाली बसेपर्यंत मी रस्त्यातच उभी होते.

रुंद रुळांची मोठी लाइन होणारच होती, छोटी आज ना उद्या जायचीच होती, असं लोक म्हणतात. खरंही असेल. त्या संध्याकाळनंतर तुम्ही तो विषय परत काढला नाहीत आणि मीही काढला नाही. आज तुमच्या ओळखीच्याच अक्षरात लिहिते आहे. हे पोस्टात टाकायचं नाही, म्हणूनच धीर झाला.

सरपंच सांगत गेले आणि मी लिहीत गेले, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले, आईलाही. ते वाक्य त्यांनी सांगितलं नव्हतं, आण्णा. त्या दिवशी उशीर झाला म्हणून बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. ते मी माझ्या मनानं घातलं.