बळीरामच्या रेकॉर्डवरचा ठोका

२ एप्रिल २०२४
ठक्. जरा दम. पुन्हा ठक्. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत, १९७८च्या उन्हाळ्यात, माझ्यासोबत कामाला असलेल्या बळीरामच्या क्वार्टरमध्ये सुई ओरखड्यावर आली की हा आवाज यायचा. आज पहाटे तोच ऐकू आला. नळ गळत होता, हे खरं. तरीही.

निश्चय : शास्त्रीय तुलना. एकीकडे ती जुनी रेकॉर्ड, दुसरीकडे आमच्या जितेंद्रने वाढदिवसाला दिलेली रीमास्टर्ड सीडी. गाणी तीच, विलायती रॉक. निकाल मला आधीच ठाऊक आहे, पण शास्त्र म्हणजे शास्त्र.

३ एप्रिल, सकाळी ११
सीडी ऐकली. फिनाइलने पुसल्यासारखी स्वच्छ. ठोका नाही, खरखर नाही, घरात कोणी राहतं असं वाटत नाही. शिवाय गाणं पळतं. ते भुजंगप्रयातात आहे, हे मी तेव्हाच ओळखलं होतं. सीडीवर त्या भुजंगाच्या मागे मुंगूस लागलंय. रीमास्टरवाल्यांना घरी जायची घाई असावी.

रेकॉर्डवर तोच गायक कसा संथ, व्याकूळ! माझ्या प्लेअरचा पट्टाही बळीरामनेच सायकलच्या ट्यूबमधून कापून बसवलेला. अजून टिकून आहे. तेव्हाच्या वस्तू!

प्राथमिक निकाल : रेकॉर्ड.

५ एप्रिल
रेकॉर्डचं कव्हर पुसताना बायकोने, वच्छलाने, मागचं नाव वाचलं. ब. ढोके. म्हणाली, "अजी, हे तं बळीराम भाऊजीची होय. वापस काहून नाही केली?" मी म्हटलं, भेट होती. म्हणते, "भेटीवर कोणी आपलं नाव टाकते काय?" तिला संगीतातलं कळत नाही.

भेटच होती. तो म्हणाला होता, "दोन दिवस ऐक." कुठले दोन, ते बोलला नव्हता.

८ एप्रिल
ओरखड्याच्या जागी आज मागे कोणीतरी खोकलं. बळीराम तसाच खोकायचा, प्लांटच्या राखेने. मी घाबरलो नाही. पंखा बंद करायला उठलो आणि अंगणात पोचलो, इतकंच.

बळीराम जाऊन तीन वर्षं झाली. पेपरात चौकट होती, 'बळीराम ढोके, खापरखेडा'. फोटोही होता, पण चष्मा सापडत नव्हता. तेरवीला जाणार होतो. ऊन फार होतं. आणि गेलो असतो तर रेकॉर्ड न्यावी लागली असती.

१० एप्रिल
पक्का निश्चय : रेकॉर्ड उद्या त्याच्या मुलीकडे पोचवायची.

११ एप्रिल
पाठ धरली.

१२ एप्रिल
शुक्रवार. शुक्रवारी कोणाच्या घरी रेकॉर्ड नेऊ नये.

१५ एप्रिल
वच्छला म्हणाली, "तुमच्याच्यानं होत नाही, मीच लावते फोन." आतल्या खोलीत पंधरा मिनिटं बोलली. बाहेर आली ती पदर तोंडाला लावून हसत. दुखवट्याच्या घरी फोन करून हसणं! विचारलं तर म्हणते, "तिकडं समदे बरे आहेत."

रेकॉर्ड लावली नाही. ठक् मात्र ऐकू आलाच, कपाटातून.

१७ एप्रिल, संध्याकाळी ६
दुपारी तीनला अंतिम चाचणी. रेकॉर्ड लावली, डोळे मिटले. 'बळीराम, चुकलो गा' असं मनात म्हणणार, तोच लाइन गेली. गायक रडत रडत थांबला.

ठक् थांबला नाही.

ठक्. ठक्. मग खोकला.

वच्छला ओट्यापासून ओरडली, "अजी, लाइन नाही तं बेल कशी वाजंन? दार उघडा ना!"

उघडलं. पांढरी मिशी, कानात मशीन, हातात काठी. बळीराम.

म्हणाला, "असा काय पाहून राहिला, देवराव? पेपरातला तो दुसरा बळीराम ढोके होता गा, कोळशाच्या यार्डातला. आपल्या दोघाईले चहा पाजे तो. तू त्याच्या तेरवीलेही नाही गेला."

मग आत डोकावून म्हणाला, "आन् गाणं किती हळू वाजून राहिलं होतं! रस्त्यावर ऐकलं मी. ट्यूबचा पट्टा ढिला झाला बुवा. सहा महिन्यांत बदल म्हटलं होतं ना तुले? वहिनीनं फोनवर सांगतलं, ते सीडीवरचं बरोबर आहे. माझ्या घरी तेच आहे."

निकाल : रद्द.

रेकॉर्ड कव्हरात घातली, दोन्ही हातांनी पुढे केली. त्याने आपलं नाव पाहिलं, त्यावरून अंगठा फिरवला आणि ती परत माझ्याच हातात दिली.

"लगेच काहून देतो गा? दोन दिवस कुठं झाले अजून?"