ठिपका हलत नव्हता

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस. माझी तब्येत ठणठणीत आहे, दुकानही बरं चाललंय. फोन सोडून आईला कागद-पेन कुठून आठवलं, असं तुला वाटेल. फोनवर सांगायला घेतलं की मी ऐनवेळी कच खाते आणि 'जेवलीस का' विचारून ठेवून देते. असं चार वेळा झालंय.

परवा तर कहरच केला. शाळेतल्या बाईंच्या चष्म्यात उजवी काच डावीकडे आणि डावी उजवीकडे बसवली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. बिचाऱ्या आपल्या दुकानाच्या पायरीवरच धडपडल्या आणि वर मलाच म्हणाल्या, की नव्या चष्म्याची सवय व्हायला वेळ लागतो. मी चष्मा परत घेतला, काचा बदलून दिल्या, पण कारण सांगायची लाज वाटली. काचा बसवताना माझा एक डोळा फोनवर होता, तुझ्या हिरव्या ठिपक्यावर.

तो ठिपका कुठून आला, ते तुला सांगायला नको. बाबा सकाळी स्कूटरवरून कामाला निघाले, वाटेत अपघात झाला आणि हॉस्पिटलच्या खाटेवर चार तास एकटे पडून राहिले. फोन लागत नव्हता म्हणे. लागणार कसा, मी तो गल्ल्यात टाकून गिऱ्हाइकांच्या चष्म्याचे नंबर काढत बसले होते. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. महिन्याभराने तू नोकरीसाठी तिकडे निघालीस, तेव्हा मीच हट्टाने तुझ्या फोनात ते ॲप टाकायला लावलं, तू कुठे आहेस ते मला नकाशावर दिसावं म्हणून. तुझ्या जिवाला बरं वाटत असेल तर राहू दे, एवढंच तू म्हणालीस. तीन वर्षं झाली बाळा, बरं काही वाटलेलं नाही. ठिपका हलला की वाटतं, ही आता कुठे निघाली? थांबला की वाटतं, का थांबली? परवा तू एका अनोळखी गल्लीत वीस मिनिटं होतीस आणि मी गिऱ्हाईक तसंच सोडून फोन घेऊन बसले. तू चपला घेत होतीस.

आता खरं ते सांगते. गेल्या महिन्यात एका रविवारी चर्चमध्ये आजाऱ्यांसाठीची मध्यस्थीची प्रार्थना माझ्याकडे होती. आपले सुतारकाका, त्यांचं दुसऱ्या दिवशी हृदयाचं ऑपरेशन होतं. आदल्या दिवशी ते मुद्दाम दुकानात आले होते. त्यांना भीती वाटत होती आणि मी त्यांचं नाव घेऊन प्रार्थना करावी, एवढंच त्यांना हवं होतं. आजाऱ्यांची यादी माझ्या फोनात. 'प्रभू, आम्ही आजाऱ्यांना तुझ्या हाती देतो' असं मी म्हणाले, यादी उघडायला गेले आणि बोट सवयीने नकाशावर पडलं. ठिपका नदीच्या पुलावर, अगदी मधोमध. हलेना. सगळी मंडळी डोळे मिटून उभी आणि मी टक्क डोळे उघडे ठेवून पुलाकडे बघतेय. किती वेळ गेला, देवालाच ठाऊक. शेवटी पाळकसाहेबांनीच आमेन म्हटलं. तू तेव्हा घरी केस वाळवत बसली होतीस. ठिपका सकाळपासून अडकला होता.

पुढची गंमत ऐक, म्हणजे मला तर रडू येतं. पाळकसाहेब भारावून गेले. इतकी खोल शांतता त्यांनी कित्येक वर्षांत अनुभवली नव्हती म्हणे. तेव्हापासून दर रविवारी प्रार्थनेत दोन मिनिटं मौन असतं आणि सगळे माझ्याकडे आदराने बघतात. मी जमिनीकडे बघते.

सुतारकाका बरे झाले. गेल्या आठवड्यात फ्रेम घट्ट करून घ्यायला आले आणि माझे आभार मानायला लागले. मला राहवलं नाही, सगळं ओकून टाकलं. मला वाटलं, रागावतील किंवा हसतील. त्यांनी चष्मा चढवून माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाले, "बाई, माझ्याऐवजी पोरीचं नाव घेतलं असतंत तरी मला चाललं असतं. तुम्ही तर तिचंही नाही घेतलंत."

तेव्हापासून मला चैन नाही. मी आठवून आठवून बघितलं. तीन वर्षांत मी तुझ्यासाठी धड एकही प्रार्थना केलेली नाही. सकाळी उठून आधी बघितलंय, निजताना शेवटचं बघितलंय आणि त्यालाच प्रार्थना समजत आलेय. रविवारच्या शाळेत पोरांना फळ्यावर लिहून देते, की देवाच्या जागी पैसा ठेवू नका, मोठेपणा ठेवू नका. स्वतः काय ठेवलंय ते दिसलंच नाही. आणि लोकांचे डोळे तपासून पोट भरते मी.

पत्र लिहायचं कारण हे. ठिपका मी तीनदा काढला आणि तिन्ही वेळा तासाभरात परत लावला. माझ्याच्याने होत नाही. तू तुझ्या बाजूने बंद कर. पत्र पोचायला चार-पाच दिवस लागतील. तोवर मी बघत राहीन, खोटं कशाला बोलू. बंद केलंस की मी फोन करीन, रडेन, बाबांची शपथ घालीन. ऐकू नकोस माझं. आणि येत्या रविवारनंतरचा रविवार पुन्हा माझ्याकडे आहे. त्या दिवशी मी आधी मंडळीला त्या मौनाची खरी हकिगत सांगणार आहे. मग, तू कुठे आहेस ते मला ठाऊक नसताना, तुझं नाव घेणार आहे.

तुझीच, अजून घाबरलेली,
आई